घरामागची टेकडी नॅशनल रिक्रिएशन एरियात येणार, म्हणजे नक्की काय होणार?

प्रश्न असा आहे: लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, व्हर्ड्युगो डोंगराच्या पायथ्याशी घर आहे. मागच्या टेकड्या सांता मोनिका माउंटन्स नॅशनल रिक्रिएशन एरियात (निसर्ग आणि विरंगुळ्यासाठी केंद्राने जाहीर केलेल्या क्षेत्रात) घ्याव्यात म्हणून ‘रिम ऑफ द व्हॅली’ नावाचं विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, वर्षानुवर्षं येतं आणि पडून राहतं. नकाशा पाहिला तर आपलं घरही रेषेच्या आत आल्यासारखं दिसतं. सरकार घर घेईल का? इतका उशीर का लागतोय? आणि वस्तीतल्या दहापंधरा घरांनी मिळून काही करता येईल का?

तिन्ही प्रश्न एकाच गाठीतून आलेत. हद्द आणि मालकी या दोन गोष्टी आपण मनात एकत्र बांधून ठेवतो, आणि अमेरिकेच्या नॅशनल रिक्रिएशन एरियात त्या वेगळ्या असतात. हद्दीत घेतलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. तिथे सातबारा नाही, काउंटीच्या असेसरकडचा, म्हणजे मालमत्ता करासाठी नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडचा, पार्सल (भूखंड) क्रमांक आहे, पण मुद्दा तोच.

आपला हा गोंधळ होण्याला कारण आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३५व्या कलमानुसार राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचना निघते ती आतल्या जमिनीवरचे सगळे हक्क राज्य सरकारकडे आल्यावर. म्हणून बोरिवलीच्या उद्यानाबद्दल बोलताना ‘आत’ म्हणजे ‘सरकारी’ हेच डोक्यात असतं. सांता मोनिकात तसं नाही. १० नोव्हेंबर १९७८ला कायद्याने हे क्षेत्र जाहीर झालं तेव्हाच त्याच्या हद्दीत गावं, घरं, शाळा, रँच होते आणि आजही आहेत. साधारण दीड लाख एकरांच्या हद्दीत नॅशनल पार्क सर्व्हिसची (केंद्राची उद्यानं सांभाळणाऱ्या संस्थेची) स्वतःची जमीन सुमारे चोवीस हजार एकर. बाकीचं राज्याची उद्यानं, सांता मोनिका माउंटन्स कॉन्झर्व्हन्सीसारख्या राज्याच्या संस्था, शहरं, काउंट्या आणि खासगी मालक यांच्यात वाटलेलं. टोपँगाची वस्ती हद्दीच्या आत आहे. तिथे घर विकत घेता येतं, विकता येतं, वाढवता येतं; परवानगी काउंटी देते, पार्क सर्व्हिस नाही.

मग हद्दीत येऊन मिळतं काय? सर्वांत आधी, खरेदीचा अधिकार. पार्क सर्व्हिसला केंद्राच्या जमीन खरेदी निधीतून पैसे खर्च करायचे तर ती जमीन काँग्रेसने ठरवलेल्या हद्दीत असावी लागते. उद्या तुमच्या मागच्या टेकडीचा मालक विकायला तयार झाला आणि टेकडी हद्दीबाहेर असली, तर पार्क सर्व्हिस इच्छा असूनही घेऊ शकत नाही. दुसरं, शहरं आणि राज्याच्या संस्थांबरोबर पायवाटा, वन्यप्राण्यांचा अभ्यास, शाळांचे कार्यक्रम असं काम करायला मोकळा हात मिळतो. तिसरी गोष्ट कायद्यात लिहिलेली नसते, पण मला सर्वांत मोलाची वाटते: डोंगरांच्या रांगा जोडलेल्या राहण्याची शक्यता. सांता मोनिकातला पी-२२ हा पर्वतसिंह ४०५ आणि १०१ हे दोन फ्रीवे पार करून ग्रिफिथ पार्कात आला आणि डिसेंबर २०२२मध्ये त्याला दयामरण द्यावं लागेपर्यंत तिथेच एकटा राहिला. फ्रीवेंनी तुकडे केलेल्या डोंगरात या जनावरांना जोडीदार मिळत नाही, जवळच्या नात्यातच प्रजनन होतं. १०१वर लिबर्टी कॅन्यनपाशी वन्यप्राण्यांसाठी पूल बांधायला एप्रिल २०२२मध्ये सुरुवात झाली, पण पुलाच्या पलीकडच्या टेकड्यांवर बंगले झाले तर तो पूल कुठे घेऊन जाणार? सांता सुझाना, सिमी हिल्स, व्हर्ड्युगो, सॅन गॅब्रिएलचा पायथा हा सगळा पट्टा एका हद्दीत आणण्याचा आग्रह याचसाठी आहे.

हद्दवाढीला कायदाच का लागतो

कायद्याशिवायचा एक रस्ता आहे, पण फार अरुंद. किरकोळ हद्दबदल पार्क सर्व्हिस स्वतः करू शकते. त्यासाठी वाढवलेलं आणि वगळलेलं क्षेत्र मिळून २०० एकरांपेक्षा कमी आणि त्या युनिटच्या मंजूर केंद्रीय क्षेत्राच्या ५ टक्क्यांच्या आत हवं. जमिनीचं मूल्य साडेसात लाख डॉलरच्या आत, ती पार्क सर्व्हिसच्या जमिनीला लागून, ज्यांची जमीन आत येणार त्या प्रत्येक मालकाची लेखी संमती, आणि लोकांच्या हरकती मागवलेल्या. यात आणखी एक अट आहे जी लोकांच्या नजरेतून सुटते: हा बदल एखाद्या मोठ्या हद्दवाढीचा तुकडा असता कामा नये. म्हणजे हजारो एकरांचा डोंगर दोनशे-दोनशे एकरांनी गिळायची युक्ती चालत नाही. लॉस एंजेलिस परिसरातल्या जमिनीचे भाव पाहता साडेसात लाखांची अटच बहुतेक प्रस्तावांना पहिल्या पायरीवर अडवते.

दुसरा रस्ता राष्ट्राध्यक्षांचा. १९०६च्या पुरावास्तू कायद्याखाली ते नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित क्षेत्र, घोषित करू शकतात. सॅन गॅब्रिएलमध्ये तेच झालं: तिथल्या रिक्रिएशन एरियाचं विधेयक पुढे सरकत नव्हतं, म्हणून २०१४मध्ये साडेतीन लाख एकरांच्या आसपास मॉन्युमेंट झालं आणि २ मे २०२४ला त्यात आणखी सुमारे १,०६,००० एकर घातले गेले. पण हा अधिकार केंद्राच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीपुरता. सॅन गॅब्रिएलची ती जमीन मुळातच केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे होती. व्हर्ड्युगोत शहरांची, राज्याची, खासगी मालकांची सरमिसळ आहे. शिवाय राष्ट्राध्यक्ष रिक्रिएशन एरियाची हद्द वाढवू शकत नाहीत. तेव्हा काँग्रेसला वळसा नाही.

उशीर नक्की कुठे होतो

आधी अभ्यास. नव्या क्षेत्राचा अभ्यासही काँग्रेसने स्वतंत्र मंजुरी दिल्याशिवाय पार्क सर्व्हिस सुरू करत नाही. रिम ऑफ द व्हॅलीच्या अभ्यासाला ८ मे २००८च्या कायद्याने मंजुरी मिळाली आणि अंतिम अहवाल काँग्रेसकडे गेला फेब्रुवारी २०१६मध्ये. आठ वर्षं. एवढा वेळ का, तर अभ्यासाचं क्षेत्र साडेसहा लाख एकरांहून मोठं होतं आणि प्रत्येक पट्ट्याबद्दल ठरलेले प्रश्न विचारावे लागतात. इथे राष्ट्रीय महत्त्वाचं काय आहे? ते मूळ क्षेत्राच्या उद्देशाशी जुळतं का? एवढ्या मालकांत विभागलेली जमीन सांभाळणं व्यवहार्य आहे का, खर्च किती, जमिनीत विषारी पदार्थ आहेत का, स्थानिकांचं म्हणणं काय? आणि राज्य किंवा शहर हे काम आधीच नीट करत असेल तर केंद्र कशाला हवं? विषारी पदार्थांचा प्रश्न इथे पुस्तकी नाही. सिमी हिल्समध्ये सांता सुझाना फील्ड लॅब आहे, जिथे १९५९मध्ये अणुभट्टीतलं इंधन अंशतः वितळलं होतं. ती जागाही अभ्यासात होती. असली जमीन साफ झाल्याशिवाय कुठलीच संस्था नावावर करून घेत नाही.

अहवालात पार्क सर्व्हिसने सुमारे १,७०,००० एकर वाढवावेत असं म्हटलं. विधेयकात तो आकडा १,९१,००० झाला, कारण विधेयक खासदार मांडतात आणि अभ्यास त्यांच्यावर बंधनकारक नसतो. फरक मोठा वाटत नाही, पण समितीत विरोधी बाजूचा पहिला प्रश्न हाच असतो: तुमच्याच अहवालापेक्षा जास्त का? उत्तर पट्ट्यापट्ट्याने तयार ठेवावं लागतं.

मग काँग्रेसचं चक्र. दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसते आणि मंजूर न झालेलं प्रत्येक विधेयक संपतं. नवा क्रमांक, नवे सहप्रायोजक, नवी सुनावणी. हे विधेयक मोठ्या पॅकेजचा भाग म्हणून फेब्रुवारी २०२० आणि फेब्रुवारी २०२१मध्ये हाउसमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, मंजूर झालं. दोन्ही वेळा सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, थांबलं. हे लिहीपर्यंत त्याचा कायदा झालेला नाही.

सिनेटमध्ये अशी विधेयकं सहसा एकटी जात नाहीत. एकमताने घ्यायचं तर एका सिनेटरची हरकत पुरते. मतदानाला घ्यायचं तर सभागृहाचा वेळ हवा, आणि एका डोंगरासाठी तो कोणी देत नाही. म्हणून समिती शंभरेक छोटी विधेयकं एकत्र बांधते, पूर्वेची-पश्चिमेची, दोन्ही पक्षांची, आणि संधी मिळताच गठ्ठा पुढे ढकलते. १२ मार्च २०१९ला सही झालेला डिंगेल कायदा असाच गठ्ठा होता. सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ८ मतांनी गेला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली डेथ व्हॅली आणि जोशुआ ट्री यांची हद्दवाढ त्यातच झाली. तेव्हा ‘आमचं विधेयक का अडलंय’ याचं खरं उत्तर बहुतेक वेळा असं असतं: गाडी आली तेव्हा ते फलाटावर नव्हतं. गठ्ठा बांधला जात असताना ज्या विधेयकाची सुनावणी झालेली आहे, नकाशा अंतिम आहे आणि स्थानिक विरोध मिटलेला आहे, तेच आत जातं.

नकाशा आणि मसुदा

इथे जरा सावकाश जातो, कारण वस्तीच्या पातळीवर सर्वांत जास्त फरक इथे पाडता येतो.

कायद्यात हद्दीचं वर्णन शब्दांत नसतं. ‘अमुक शीर्षकाचा, अमुक क्रमांकाचा, अमुक तारखेचा नकाशा’ एवढंच लिहिलेलं असतं. तो नकाशाच कायदा. खासदाराच्या कार्यालयाने विनंती केल्यावर पार्क सर्व्हिस तो तयार करते. नेहमीची चूक अशी: विधेयक मांडल्यावर नकाशात दुरुस्ती होते, क्रमांकापुढचं अक्षर आणि तारीख बदलते, पण विधेयकाच्या मजकुरात जुनीच तारीख राहते. वरवर किरकोळ, पण मंजुरी जुन्या नकाशाला मिळते. म्हणून विधेयकाच्या प्रत्येक आवृत्तीत नकाशाचा क्रमांक आणि तारीख स्वतः ताडून पाहा.

आता तुमच्या घराचं. लोक घर रेषेच्या आत आहे की बाहेर हे ठरवतात ते संकेतस्थळावरच्या लहान नकाशावरून. १:२४,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर २४ मीटर रुंद असते, म्हणजे जवळजवळ ऐंशी फूट. उपनगरातला पन्नास फूट रुंदीचा अख्खा प्लॉट त्या रेषेच्या पोटात मावतो. त्यामुळे डोळ्याने काही ठरवू नका. असेसरच्या नकाशावरून आपला पार्सल क्रमांक घ्या आणि खासदाराच्या मतदारसंघातल्या (जिल्हा) कार्यालयाकडे लेखी विचारा: हे पार्सल प्रस्तावित हद्दीत आहे का, पूर्ण की अंशतः? ‘अंशतः’ हे उत्तर आलं तर ती दुरुस्त करण्याजोगी गोष्ट आहे. कड्याच्या उंचीनुसार काढलेली रेषा परसातून, कधी पोहण्याच्या तलावातून जाते. ती पार्सलच्या सीमेवर सरकवायला सहसा कोणाची हरकत नसते, पण कुणीतरी वेळेत दाखवून द्यावं लागतं. नकाशा अंतिम झाल्यावर तीच दुरुस्ती नव्या कायद्याइतकी महाग पडते.

मसुद्यातल्या तीन तरतुदी तुम्ही स्वतः वाचाव्यात. पहिली, जमीन कशी घेता येईल. रिम ऑफ द व्हॅलीच्या मसुद्यात नव्या भागातली खासगी जमीन देणगी, अदलाबदल किंवा राजीखुशीने विकणाऱ्याकडून खरेदी, एवढ्याच मार्गांनी घेता येईल असं आहे. घर घेतील का, याचं उत्तर या एका वाक्यात आहे: तुम्ही विकायला तयार नसाल तर नाही. ही तरतूद पूर्वी गृहीत नसे. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीच्या सीमेवरचं डेलावेअर वॉटर गॅप हे रिक्रिएशन एरिया १९६५मध्ये जाहीर झालं ते टॉक्स आयलंड धरणाच्या जलाशयाभोवतीचं क्षेत्र म्हणून. धरणासाठी हजारो लोकांची घरं सक्तीने गेली. धरण झालंच नाही. १९९२मध्ये काँग्रेसने ते अधिकृतपणे रद्द केलं. तिकडच्या लोकांच्या मनातली ती जखम अजून भरलेली नाही, आणि आजच्या मसुद्यांत ‘राजीखुशी’ हा शब्द जो ठळकपणे येतो त्यामागे असे अनुभव आहेत. तेव्हा तुमच्या शेजाऱ्याला भीती वाटत असेल तर ती वेडगळ समजू नका. त्याला हे कलम छापून दाखवा. आणि विधेयक पुन्हा मांडलं गेलं की ते कलम अजून तसंच आहे ना, हे दर वेळी नव्याने तपासा.

दुसरी, हद्दीबाहेरच्या वापराबद्दल: आतून एखादी गोष्ट दिसते किंवा ऐकू येते म्हणून बाहेरच्या कामावर बंदी येणार नाही, अशी तरतूद. तिसरी, पाणी, वीज, पूरनियंत्रण यांच्या यंत्रणा चालवण्यावर, दुरुस्त करण्यावर परिणाम होणार नाही, अशी. ती नसेल तर पाणीपुरवठा संस्था आणि वीज कंपन्या विरोधात उभ्या राहतात, आणि त्यांचा एक वकील पन्नास नागरिकांच्या पत्रांना भारी पडतो.

वापराचे नियमही आधीच समजून घ्या, कारण खरी भांडणं पुढे तिथेच होतात. पार्क सर्व्हिसचे नियम तिच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या जमिनीवर लागू होतात. हद्दीतल्या शहराच्या उद्यानाला शहराचेच नियम. पण टेकडी पार्क सर्व्हिसकडे गेली की कुत्र्याला सहा फुटांपेक्षा लांब दोरी चालत नाही, ड्रोन उडवता येत नाही, आणि नव्या पायवाटेवर माउंटन बाइकला परवानगी द्यायची तर बहुतेक ठिकाणी वेगळा नियम प्रसिद्ध करावा लागतो. वर्षानुवर्षं कुत्री मोकळी फिरवणाऱ्या लोकांना हे पहिल्या दिवशी समजलं तर ते चिडणारच. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या गोल्डन गेट नॅशनल रिक्रिएशन एरियात रँचो कॉरल दे तिएरा ही जमीन पार्क सर्व्हिसकडे आल्यावर नेमकं कुत्र्यांच्या दोरीवरून प्रकरण पेटलं होतं. तुमच्या परिसरात तर आगीचा प्रश्न त्याहून मोठा. घराभोवती २०० फुटांपर्यंत झुडपं साफ ठेवावी लागतात. त्यातला काही भाग पार्कच्या जमिनीवर येत असेल तर ती साफसफाई कोण करणार, कुठल्या परवान्याने? हे अग्निशमन विभाग आणि पार्क या दोघांकडून लेखी घ्या, आणि हस्तांतरानंतर नाही, सुनावणीच्या टप्प्यावरच. २०१८च्या वूल्सी आगीत सांता मोनिकातली पार्क सर्व्हिसची ८८ टक्के जमीन जळाली. हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी आडमुठा म्हणणार नाही.

कायदा झाल्यावरही पैसे यावे लागतात

कायदा अधिकार देतो, पैसे देत नाही. पैसे येतात ते मुख्यतः लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंडातून. १९६०च्या दशकातला हा निधी समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नावर चालतो. २०१९च्या कायद्याने तो कायमचा झाला आणि ऑगस्ट २०२०च्या ग्रेट अमेरिकन आउटडोर्स कायद्याने दरवर्षीचे ९० कोटी डॉलर पक्के झाले. यातला किमान ४० टक्के केंद्राच्या खरेदीला आणि किमान ४० टक्के राज्यांना. देशभरातल्या रांगेत तुमच्या टेकडीचा नंबर लागायचा, तर मालक विकायला तयार आहे, जमीन मूल्यांकन होण्याजोगी आहे आणि मालक वाट पाहायला तयार आहे, हे तिन्ही एकाच वेळी जुळावं लागतं.

मालक मात्र वाट पाहत नाही. बिल्डर तीस दिवसांत चेक देतो. इथेच भूमी न्यासांचं, म्हणजे जमीन राखण्यासाठी ती विकत घेऊन ठेवणाऱ्या संस्थांचं, काम येतं, आणि त्याचं रँचो कॉरल दे तिएराइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. सॅन मॅटिओ काउंटीत मोंटारा डोंगराच्या उतारावरची ती जमीन पेनिन्सुला ओपन स्पेस ट्रस्टने २००१मध्ये जवळपास ३ कोटी डॉलरला घेतली. गोल्डन गेटच्या हद्दीत ती घेण्याचा कायदा झाला २००५मध्ये. पार्क सर्व्हिसकडे सुमारे ३,८०० एकर प्रत्यक्ष आले २०११च्या अखेरीस, ट्रस्टच्या खरेदीच्या निम्म्या किमतीच्या आसपास. कायद्यापूर्वी चार वर्षं आणि कायद्यानंतर सहा वर्षं कोणीतरी ती जमीन धरून ठेवली, कर भरला, तोटा सोसला. ट्रस्ट नसता तर कायदा झाला तेव्हा हद्दीत घ्यायला डोंगर उरला असता का, याची मला खात्री नाही. तुमच्याकडे हे काम माउंटन्स रिक्रिएशन अँड कॉन्झर्व्हेशन अथॉरिटीसारख्या संस्था करतात. त्यांच्याशी ओळख खासदाराच्या ओळखीइतकीच उपयोगाची.

विक्रीच्या वेळी काय अडतं हेही सांगतो, कारण शेजाऱ्यांपैकी एखादा खरंच विकायला निघेल. केंद्राच्या खरेदीचं मूल्यांकन ठराविक केंद्रीय मानकांनुसार होतं आणि त्याची स्वतंत्र तपासणी होते. मंजूर मूल्यापेक्षा कमी रक्कम सरकार देऊ करू शकत नाही. मालक स्वतःहून कमी घेऊ शकतो आणि फरकाची रक्कम देणगी म्हणून करात दाखवू शकतो, त्यासाठी आधी करसल्लागाराला भेटावं. पर्यावरण तपासणीचा अहवाल लवकर शिळा होतो: मुलाखती, पाहणी, नोंदींची तपासणी १८० दिवसांपेक्षा जुनी झाली की नव्याने करावी लागते. मूल्यांकन रेंगाळलं आणि तेवढ्यात ही मुदत गेली, तर पुन्हा खर्च. आणि टायटलमध्ये डोंगराळ पार्सलांवर हटकून सापडतात त्या गोष्टी: पूर्वी कधीतरी वेगळे विकलेले खनिजहक्क, वीजवाहिनीची वहिवाट, शेजाऱ्याचं दोन फूट आत आलेलं कुंपण. कुंपणाचा प्रश्न दोन शेजाऱ्यांनी चहावर सोडवता येतो. खनिजहक्कांचा मालक शोधायला वर्ष जातं. म्हणून विकायच्या विचारात असलेल्याने टायटल अहवाल आजच काढावा.

काउंटीचा कर बुडेल ही हरकत शहराच्या सभेत नक्की येईल. उत्तर अर्धं आहे, तसंच द्या. पार्क सर्व्हिसने विकत घेतलेल्या करपात्र जमिनीच्या बाजारमूल्याचा एक टक्का, पाच वर्षं, स्थानिक सरकारला भरपाई म्हणून मिळतो. त्यानंतर ती रक्कम थांबते. उंच उतारावरच्या, बांधकाम न होणाऱ्या पार्सलांवरचा कर मुळात थोडाच असतो, हा युक्तिवाद खरा आहे; पण तो आकड्यांनिशी करा, असेसरच्या नोंदी सार्वजनिक आहेत.

दहापंधरा घरांनी काय करावं

तुमचं शहर कोणतं, तुमचा प्रतिनिधी विधेयकाचा प्रायोजक आहे की नाही, आणि टेकडीचा मालक खासगी आहे की शहर, यावर बरंच अवलंबून आहे. टेकडी आधीच शहराच्या उद्यानात असेल तर विकासाचा धोका कमी आणि घाई कमी. खासगी असेल, आणि विशेषतः एकाच मोठ्या मालकाची असेल, तर विधेयकाची वाट न पाहता आधी भूमी न्यासाला गाठा. जमीन वाचवण्याचा तो कमी मुदतीचा रस्ता. राज्याच्या वाट्याच्या निधीतूनही ती घेता येते आणि विधेयक झालं की हद्दीत आपोआप सामावते.

विधेयकासाठी म्हणाल तर सह्यांच्या मोहिमेचा फारसा उपयोग होताना दिसत नाही. उपयोग होतो तो शहराच्या कौन्सिलच्या ठरावाचा, कारण समितीच्या सुनावणीत तो नोंदीत जातो आणि ‘स्थानिकांना हे नको आहे’ या वाक्याला तिथल्या तिथे उत्तर देतो. ठरावात विधेयकाचा चालू क्रमांक घाला. मागच्या काँग्रेसचा क्रमांक असलेला ठराव कोणी वाचत नाही. प्रायोजक बहुधा तुमच्या बाजूचा असतोच, त्याला पटवण्यात वेळ घालवू नका. ज्या राज्याचे सिनेटर त्या वेळी समितीवर आहेत तिथे राहणारे तुमचे नातेवाईक, मित्र शोधा. आपली मंडळी टेक्सासपासून नॉर्थ कॅरोलिनापर्यंत पसरलेली आहेत. स्वतःच्या मतदाराचं पत्र कार्यालयात वेगळ्या खणात जातं.

जिल्हा कार्यालयातल्या पहिल्या भेटीला जाताना एकच कागद न्या. वर तुमच्या वस्तीतले पार्सल क्रमांक आणि प्रत्येकापुढे ‘आत, बाहेर, अंशतः?’ असा रिकामा रकाना. खाली झुडपं साफ करण्याबद्दलचा प्रश्न. कार्यालयातल्या माणसाला तो तसाच पार्क सर्व्हिसकडे पुढे पाठवता आला पाहिजे. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर फोन करा, आणि नकाशाची तारीख विचारा.